मावशींचं चित्र

अंबडच्या आमच्या शाळेत त्या झाडलोट करायच्या. सगळे त्यांना मावशी म्हणायचे, मीही. बोलणं संपवताना 'बिलकुल' म्हणायची त्यांना सवय होती. मी चित्रकलेचा मास्तर. शोषितांची चित्रं काढायची जबाबदारी माझ्यावर आहे, असं मला तेव्हा वाटायचं. ती मला कोणी दिली नव्हती.

मी मावशींना रंगवलं. त्या जमिनीपर्यंत वाकलेल्या आणि मागे भलीमोठी रिकामी खुर्ची. चित्राला नाव दिलं 'सत्ता'. जालन्यात प्रदर्शन लागलं तेव्हा मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या आणि चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"सर, त्या दिशी तुमचा ब्रश टेबलाखाली गेल्ता. मी त्यो हुडकून राह्यले व्हते, बिलकुल."

"हो, पण मावशी..."

"अन् खुर्ची रिकामी न्हवती. तुम्ही बसल्ते की तिथं."

आजूबाजूचे लोक हसले. माझे कान तापले. प्रदर्शन संपल्यावर मी चित्र घरी आणलं, त्या खुर्चीत स्वतःला बसवलं आणि मावशींना बोलावून दाखवलं. त्यांनी पदराला हात पुसत निरखून पाहिलं.

"आता बराबर," त्या म्हणाल्या. "पोट तेवढं कमी काढलं तुम्ही."