आपल्याच घराची अर्थिंग

पाटोद्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा आई म्हणाली, "वायरीला हात लावताना लई जप, बाई." शेरडं शेजाऱ्याकडं सोडून आलेले आबा हसले. "त्यासाठीच तर चाललीय ती!" गाडी हलली आणि दोघंही धुरळ्यात दिसेनाशी झाली.

बीडला वायरमनचं आयटीआय केलं होतं, पण आपल्याकडं करंटला जो भीत नाही तो वायरमन. पोरीला कोण काम देणार? पुण्यात मिळालं. परवाना नव्हता तोवर परवानाधारकाच्या हाताखालीच राबले. गळका करंट जमिनीत उतरवणारी अर्थिंग मोजायची, शॉक लागण्याआधी लाईट तोडणारा ब्रेकर बसवायचा, आणि लायसनवाल्या ठेकेदारानं तपासून सही केल्याशिवाय मीटर नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या घरात उजेड करून खोलीवर आलं की आपल्या ओसरीवरचा पिवळा बल्ब आठवायचा. तुमच्यातले जे माझ्यासारखे निघून आले, त्यांना हे सांगायला नको.

माझा परवाना आला, त्या दिवाळीला गावी गेले. आई लाटण्यानं पाण्याच्या मोटरीचं बटण दाबत होती.

"लाटण्यानं कावून गं? हातानं दाब की."

"बटणाच्या पेटीला हात लावला की झिणझिण्या येत्यात. सवय झालीय आता."

दुसऱ्याच दिवशी जुनी वायरिंग उपसायला घेतली आणि पाटोद्याच्या ठेकेदाराला बोलावलं. आबांना ते लागलं.

"सगळं तूच करतीस. मग त्यो कशाला?"

"माझा परवाना त्याच्या देखरेखीखाली काम करायचा हाय, आबा. तपासून सही त्याचीच लागती."

"आपल्याच घरात?"

"आपल्याच घरात."

आबा पहार उचलून घरामागं अर्थिंगचा खड्डा खणायला लागले.

ठेकेदारानं तपासणी केली. मग आईनं भीत भीत पेटीवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. निघताना मी तिला बजावलं, उन्हाळ्यात माती वाळली की अर्थिंग धरत नाही, खड्ड्यात पाणी घालत जा.

यंदा गावाला टँकर सुरू झाला. मी आईला फोनवर विचारलं, "प्यायलाच पुरत न्हाई, मग खड्ड्याला कुठून घालतीस?"

"तू हितं असतीस तर प्यालीच असतीस की. तुझ्या वाट्याचं तेवढं घालते."

घर कुठं, असं कुणी विचारलं की मी अजून गावाचंच नाव सांगते. तिथं माझ्या वाट्याचं पाणी वेगळं काढलं जातं.