टपावरचे दिवे

केबिनच्या टपावर दिवे मिरवणारा ट्रक समोरून आला की आजही माझं डोकं फिरतं. गाडी कडेला घेतो, तो जाईपर्यंत मान खाली घालतो आणि तोंडातल्या तोंडात शिव्या देतो. बायको म्हणते, जन्म ट्रकवर काढला तुम्ही, मग एवढं काय त्यात?

मी मूळचा कोकणातला. सातवीत शाळा सोडली आणि आंबोलीच्या घाटात एका उस्तादाच्या हाताखाली गाडी शिकलो. धुक्यातला दिवा कुठं असावा हे तिथंच कळलं. तो बंपरच्या खाली असावा, पिवळा असावा आणि त्याचं तोंड जरा जमिनीकडे असावं. वरून उजेड टाकला की धुकं पेटतं आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. आपल्यालाही दिसत नाही, समोरच्यालाही नाही.

पुढे घरचं सगळं विस्कटलं आणि भटकत भटकत मी हिंगोलीकडच्या गोरेगावात येऊन पडलो. हिंगोली तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. एका मालकानं ओळखपाळख नसताना मला ट्रकवर ठेवलं, राहायला खोली दिली. तापानं पडलो तेव्हा त्याच्या आईनं दुधात भाकरी कुस्करून मला भरवली. हे मी विसरलेलो नाही. त्यामुळे मालकाचा राग यायचा तेव्हा आधी माझीच मला भीती वाटायची. इथून काढलं तर जाणार कुठं?

पावसाळा सरला की पहाटे सोयाबीन भरून हिंगोलीच्या मोंढ्यावर, म्हणजे धान्यबाजारात, निघायचं. त्या दिवसांत धुई पडते. तिकडे धुक्याला धुईच म्हणतात. तुरीचा फुलोरा गळतो म्हणून शेतकरी तिला शिव्या घालतात, मी रस्ता दिसत नाही म्हणून घालायचो. ट्रकचे मूळचे दिवे मिणमिणते. मीच मालकाच्या मागं लागलो, की धुईचे दिवे बसवू. त्यानं ऐकलं. नांदेडहून स्वतः दिवे घेऊन आला. मला किती बरं वाटलं होतं!

दिवे निघाले परातीएवढे, पांढऱ्या काचेचे, आत शंभर वॅटचे बल्ब. दसऱ्याला मालकाच्या आईनं त्यांना हळद-कुंकू लावलं, हार घातला. दुसऱ्या दिवशी मालकानं ते टपावर चढवले. मी हात जोडून सांगितलं, मालक, हे खाली लागतात. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"पूजा झालेली वस्तू बंपरखाली बांधतो? चिखलात? लोक काय म्हणतीन आमाला?"

वर त्यानं वायरमनला सांगून ते ट्रकच्या मूळच्या हेडलाइटच्या तारेलाच जोडले. म्हणजे ते वेगळे बंद करायची सोयच नाही. मी गावाबाहेर गेल्यावर टपावरच्या दिव्यांचा फ्यूज काढून ठेवायला लागलो. कुणीतरी मालकाला सांगितलं. तेव्हापासून तो मोंढ्याचे भाव बघायचे म्हणून पहाटे माझ्या शेजारी केबिनमध्ये येऊन बसायला लागला.

रोज त्या वेळेला समोरून सेनगावची जीप यायची. तिचा ड्रायव्हर तांड्यावरचा, गोरेगावात मला मिळालेला पहिला दोस्त. आत माणसं कोंबलेली, मागं दोघं-तिघं लटकलेले. पुढच्या सीटवर तांड्यावरच्या बाया भाजीची टोपली मांडीवर घेऊन बसायच्या. माझा उजेड पडला की जीप साईडपट्टीवर उतरायची, आणि ती साईडपट्टी म्हणजे काळी माती, दवानं निसरडी. पलीकडे नाली. शेजारी मालक म्हणायचा, "बघ, कसा वाट देऊन राहिला." मी स्टिअरिंग आवळून धरायचो.

एकदा चहाच्या हॉटेलात जीपवाल्यानं मला गाठलं. आरडाओरडा केला नाही. त्याचा आवाज इतका खाली होता की मला जास्त लागलं.

"कोकन्या, तू गेल्यावर मला दहा आकडे मोजस्तोवर काईच दिसत न्हाई. तेवढ्यात एखादं लेकरू आडवं आलं तर? तुह्या मालकाला पूस."

विचारलं. मालक म्हणाला, त्याला सांग डोळे तपासून घे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दाट धुई होती. समोर जीपचे दिवे दिसले, डगमगले आणि रस्त्याच्या मधोमधच थांबले. मी ब्रेक दाबला. धुईतून एक म्हातारी पदरानं डोळे झाकून तरातरा आमच्याकडे येत होती, आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होता.

"कोन्या मायचा लेक हाय रे ह्यो? लोकायचे डोळे फोडून राहिला! तुह्या मायनं काई शिकवलं का न्हाई तुला?"

मालकानं तोंड बघायच्या आधी आवाज ओळखला. सेनगावला लेकीकडे राहायला गेलेली त्याची आई जीपच्या पुढच्या सीटवर बसून परत येत होती. तो खाली उतरला. "माय, मी हाव."

"तू हायस?" म्हातारीनं डोळ्यांवरचा पदर काढला. "मंग तुला बी तेच."

मागून जीपवाला आला. तो हसत नव्हता, पण फार कष्टानं. मालक पूजेचं काहीतरी पुटपुटला. म्हातारीनं त्याला बोलूच दिलं नाही.

"हळद-कुंकू म्या लावलं. कोनाला नालीत घालाया न्हाई लावलं. खाली बांध. चिखल लागला तर पुसून घे."

दिवे उतरले. मी साधे पंचावन्न वॅटचे बल्ब आणि पिवळ्या काचा आणल्या, बंपरखाली पट्ट्या ठोकल्या, वेगळं बटण दिलं. आधी पोती भरून घेतली, कारण मागं वजन पडलं की ट्रकचं नाक वर होतं आणि रिकाम्या गाडीवर बसवलेला उजेड भरल्यावर थेट डोळ्यांत जातो. दिवेलागणीला कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीसमोर सपाट जागी ट्रक लावला, दिव्याच्या उंचीला खडूची रेघ ओढली आणि उजेडाची वरची कड त्या रेघेच्या खाली येईपर्यंत नट फिरवत राहिलो. मग जीप समोर उभी केली. तिच्या सीटवर बसून बघितलं, सायकलवाल्याच्या उंचीवरून बघितलं, शेवटी रस्त्यावर उकिडवा बसून बघितलं.

जीपवाला म्हणाला, "आता साईडपट्टीवरचं गवत बी दिसून राहिलं."

थोड्या दिवसांनी मालक त्याच चहाच्या हॉटेलात लोकांना सांगत बसला होता. म्हणे, धुईत दिवा खालीच पाहिजे, म्याच ड्रायव्हरला बराबर सांगितलं. दुसरे ट्रकवाले माना हलवत होते. जीपवाल्यानं मला कोपर मारलं, बोल म्हणून. मालकानं वळून विचारलं, "काहून रे, खरं का न्हाई?" मी म्हणालो, "व्हय."

त्याच्या घरची भाकरी खाल्लेली होती. पण तो केबिनमध्ये बसायला लागल्यापासून रोज पहाटे जीपच्या त्याच पुढच्या सीटवर तांड्यावरच्या बाया डोळ्यांवर पदर घेऊन मालकाला शिव्या देतच होत्या. त्यांचा आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता, एवढंच.