जावयाची आतून कडी

चावीवाल्या ताईंना एकाच प्रश्नाचा राग यायचा. उघडेल ना नक्की? अहो, उघडेल ना म्हणजे काय! बोळाच्या तोंडाशी त्यांचं एवढंसं दुकान. भिंतभर खिळ्यांना लटकलेल्या कोऱ्या चाव्या, चावी कापायचं एक मशीन, आणि मशीनपेक्षा मोठा आवाज असलेल्या ताई. वडिलांकडून धंदा हाती घेतला तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, बाईमाणूस काय कुलपं उघडणार म्हणाले. त्यातलाच एक जण पुढे स्वतःच्या गोदामात अडकला आणि आतून रडवेल्या आवाजात "ताई, ताई" करू लागला. ही गोष्ट त्या अजून सांगतात, आणि दर वेळी त्याचं रडणं थोडं वाढतं.

ताईंचे यजमान बसचे ड्रायव्हर, आता निवृत्त. सगळा जन्म हॉर्नच्या गोंगाटात गेल्यावर त्यांना शांतता हवी होती, म्हणून त्यांनी बैठकीत खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. त्यात नारंगी माशांची एक जोडी होती. नखाएवढी होती तेव्हापासून त्यांनी ती जिवापाड जपली होती. सकाळचा चहासुद्धा ते टाकीसमोर बसून, माशांशी बोलत घ्यायचे. ताई म्हणायच्या, माझ्याशी एवढं बोलला असतात तर मीही नारंगी झाले असते.

एकदा ड्रायव्हरसाहेबांनी त्या टाकीसाठी समुद्रातला एक दगड विकत आणला आणि घरात टक् टक् सुरू झाली. पाठोपाठ टाकीतल्या गोगलगायींचे शंख फुटलेले दिसू लागले, मग एक खेकडा बेपत्ता झाला. ड्रायव्हरसाहेबांना वाटलं, पंप बिघडला. ताईंनी काचेला कान लावला. कुलपाच्या आतली बारीक हालचाल ऐकण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना काय कळायला वेळ! हा पंप नव्हे, आत कुणीतरी हातोडी चालवतंय, त्या म्हणाल्या. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराने येऊन निदान केलं. दगडाच्या भोकात लपून मँटिस श्रिंप आला होता. दिसायला कोळंबीचा चुलतभाऊ, पण मुठीच्या एका फटक्यात शिंपला फोडणारा, वेळ आली तर काचही.

उद्याच्या उद्या हा खुनी घराबाहेर, असं ड्रायव्हरसाहेबांनी जाहीर केलं. पण तोवर त्या प्राण्याने देठांवरचे दोन डोळे दोन दिशांना फिरवून ताईंना आपादमस्तक न्याहाळलं होतं, आणि ताईंना तो धीटपणा भारी आवडला. त्यांनी त्याच्यासाठी जाड अ‍ॅक्रिलिकची वेगळी टाकी शेजारीच बसवून घेतली. घरात मुलगी नव्हती, तरी त्याचं नाव पडलं जावई. खायला चांगलंचुंगलं लागतं, काही बोललं की हात उगारतो, आणि घरातून काढता येत नाही. जागा तुटपुंजी, म्हणून दोन्ही टाक्यांचं पाणी एकाच फिल्टरमधून फिरायचं. घोडं पेंड खातं ते इथेच.

कारण एके दिवशी जावयाने बिळाच्या तोंडाशी खडे रचून दार बंद केलं. खाणं बंद, दिसणं बंद, टक् टकही बंद. आठवडा गेला, दुसरा गेला. दुकानदार म्हणाला, कात टाकताना हे असंच करतात, त्यांना अजिबात हलवू नका, अंग लोण्यासारखं मऊ असतं, जिवाला मुकतील. मेला मात्र असेल, तर कुजून पाणी नासेल, तेव्हा तुम्हीच बघा. म्हणजे याने हात झटकले.

ड्रायव्हरसाहेबांनी आधी आपल्या माशांकडे पाहिलं. पाणी नासलं तर त्यांची जोडी दोन दिवस काढणार नाही. ते ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "तू सगळ्या जगाची दारं उघडतेस. हेही उघड."

ताईंनी बाह्या सरसावल्या, बारीक आकडा घेतला आणि हात पाण्यात घातला. खड्यांजवळ आकडा नेला आणि तिथेच थांबल्या. खडे वरून ढासळलेले नव्हते. आतून, एकात एक, फट न ठेवता बसवलेले होते. वडिलांनी त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, कुलूप बाहेरून असेल तर खुशाल उघडायचं. कडी आतून असेल तर आतल्याची परवानगी हवी.

"मरायला टेकलेला कुणी एवढ्या निगुतीने कडी लावत नाही," त्या म्हणाल्या. "मी नाही उघडणार."

"आणि माझे मासे?"

"त्यांना काही झालं तर जबाबदार मी."

शब्द तोंडातून गेला आणि ताईंची झोप उडाली. जोडी गेली तर नवऱ्याला तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते बिचारे रोज पाणी तपासत, नमुन्याची बाटली उजेडात धरून ताईंना दाखवत. दुकानात ताईंनी एका सरळसोट चावीचे दाते उलटे कापले. गिऱ्हाईक हसलं. ताईंनी पहिल्यांदाच पैसे परत दिले.

मग एका दुपारी ड्रायव्हरसाहेब दुकानात आले, हातात इस्त्रीचा रुमाल, चारी टोकं जपून धरलेला. त्यांचे डोळे लाल होते.

"भांडायला नाही आलो. मासे ठीक आहेत," ते म्हणाले. "पण हा गेला. बिळाच्या दाराबाहेर पडला होता. आत काही हलवलं नाही मी. म्हटलं, आधी तुला दाखवावं."

ताईंनी रुमाल उघडला. मुठी, पाय, मिशा, डोळ्यांवरची कातडीसुद्धा, सगळं जागच्या जागी. त्यांनी तळहातावर घेतलं तर वजनच नाही. पाठीवर उभी चीर, आतून रिकामं. ताईंना हसू आणि रडू एकदमच फुटलं.

"अहो, हे त्याचे कपडे आहेत!"

ड्रायव्हरसाहेबांनी ते हातात घेतलं, चिरीतून आत पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग इकडेतिकडे बघून अगदी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे तो आत उघडा बसलाय?"

"अगदी उघडा."

"अरे देवा," ड्रायव्हरसाहेब म्हणाले, आणि दुकानाचं शटर त्यांनी स्वतःच खाली ओढायला घेतलं. "चल लवकर. मी टाकीवरचा दिवा चालू ठेवून आलोय."