धाबा काढला तेव्हा

एसटीची ड्रायव्हरकी संपल्यावर वडील कम्प्युटरवर ट्रकचा गेम खेळू लागले. मीच नेटवरचे मोड, म्हणजे गेमचं रूप बदलणाऱ्या फाइली, टाकून त्यातल्या ट्रकची लाल बस केली, परदेशी हायवेवर त्यांची एसटी चहाला थांबायची त्या कनेरगाव नाक्यावरच्यासारखा धाबा बसवला. मग गेम सारखा अडकायला लागला. डोकं फिरलं माझं. त्यांच्या आजवरच्या खेळाची, सेव्हची, कॉपी बाजूला ठेवून मी सगळे मोड काढले, मूळ फाइली परत आणल्या. गेम सुरळीत चालू झाला.

वडिलांनी मात्र धाब्याच्या जागी, रिकाम्या रस्त्यावर, ब्रेक मारला आणि चहाला स्वयंपाकघराकडे निघाले.

"काहून थांबलात? धाबा काढला मी! बसबी न्हाई आता, ट्रक हाये!"

ते दारातच थबकले.

"गाडी भरून माणसं होती रे. कुठं उतरवली तू?"