मिसरी, फवारणी आणि शहाणी मी

लग्न होऊन पारोळ्याजवळच्या या गावात आले, तेव्हा जगातली सगळ्यात शहाणी बाई मीच होते. नवरा कपाशीवर औषध फवारून आला, की त्याचा ओला सदरा मी उघड्या हातांनी धुवायची आणि त्याच पाण्यात माझी साडीही बुचकळायची. त्या उग्र वासाचं केवढं कौतुक! कमावत्या पुरुषाचा वास म्हणे. धुणं आटोपलं की स्वतःला बक्षीस म्हणून दातांना मिसरी. तंबाखू मीच तव्यावर काळीभोर भाजायची. शेजारणी मागून न्यायच्या, एवढं माझं नाव.

थोरला जन्मला तो उंदराएवढा. सासूबाई म्हणाल्या, "पपई खादी व्हई इनी." मी पपई खाल्लीच नव्हती, म्हणून लगेच ग्रहणाकडे बोट दाखवलं. मिसरी आणि औषधावर कुणाचा संशय नाही. ती तर घरचीच! पोर लहान का निघालं, हे आज कोण सांगणार? ग्रहण मात्र बिचारं नक्की निर्दोष.

गेल्या वर्षी नातसुनेला दिवस गेले आणि दोन महिन्यांत सगळं संपलं. तेव्हापासून ती एकच म्हणायची, "माझंच काहीतरी चुकलं." आता पुन्हा मूल हवंय, पण भीती जात नाही. म्हणून दोघं धुळ्याला डॉक्टरीणबाईंकडे निघाली. मला कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून मी गेलेच.

बाईंनी तिला गोळ्या लिहून दिल्या आणि नातवाला विचारलं, "तंबाखू किती? फवारणी कोण करतं?"

नातवाने मागे वळून पाहिलं. त्याला वाटलं, दुसऱ्या कुणाला विचारतायत.

बाई म्हणाल्या, "मागचं कशामुळे झालं ते सांगता येणार नाही. पण पुरुषाचं बीज तयार व्हायला जवळजवळ तीन महिने लागतात. तेवढे दिवस तरी दोन्ही बंद."

परतीच्या एसटीत नातू फुगलेला. "आजी, मना काय संबंध? पोट तर तिचं."

नातसून खिडकीबाहेर बघत राहिली. माझा पारा चढला.

"पेरणीआधी गोणपाटात शंभर दाणे भिजवून उगवण कोण बघतं रे?"

"मीच."

"मग इथं बठ्ठा दोष जमिनीचाच शे का? बियाण्याचा काहीच नाही?"

तो हळूच म्हणाला, "सहावीत असताना पहिली चिमूट तुझ्याच डबीतली घेतली होती. तू सोड, मग मी सोडतो."

"मला काय आता बाळंत व्हायचंय?"

पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. नातसून वर्षभरात पहिल्यांदा खळखळून हसली. त्या हसण्यापायी माझी मिसरीची डबी तिच्या हातात गेली. पन्नास वर्षांची सोबत, एका वळणावर!

फवारणीला मजूर लावतो, नातू म्हणाला. मी विचारलं, "त्याच्या घरी पोरं होत नाहीत वाटतं?" शेवटी फवारणी नातवाच्या बापाने घेतली, म्हणजे आमच्या त्याच उंदराने. हातमोजे, मास्क, सगळा सरंजाम. कपडे वेगळ्या बादलीत, आणि धुतो तोच.

आज एकोणिसावा दिवस. रोज सकाळी नातसून आम्हा दोघांना ओट्यावर बसवते आणि म्हणते, "आ करा." नातू तोंड उघडतो. मीही उघडते. माझी तपासणी लवकर होते, दातच चार उरलेत.