दामले सरांच्या संख्येला भाग जातो का?

चार डोकी गणितासाठी जमली की गणित राहतं बाजूला, किस्सेच साचत जातात. आमचंच बघा ना! नारायण पेठेतल्या दामले सरांकडे, म्हणजे निवृत्त गणित शिक्षकांकडे, आम्ही दर रविवारी सकाळी जमतो. त्यांचा कॉम्प्युटर कित्येक महिने एकच राक्षसी संख्या तपासतोय. ती मूळ संख्या आहे का? म्हणजे एक आणि स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही ना? त्या संख्येत आकडे किती? कोट्यवधी! याआधी तपासलेल्या सगळ्या नापास. सर म्हणतात, "मरायच्या आत एक तरी माझ्या हातून सापडू दे."

*

एकदा पाहुण्यांनी मोबाइल चार्ज करायला कॉम्प्युटरचाच प्लग काढला. दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाटी: "हा प्लग काढणाऱ्याने उरलेला हिशोब तोंडी पूर्ण करावा. तोवर चहा मिळणार नाही." पाहुणे परत आलेले नाहीत.

*

सरांची पंच्याहत्तरी आली. त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या काकूंनी, श्रीखंड आणलं, आम्ही शाल आणली. सर उखडले, "पंच्याहत्तर? तिनाने भाग जातो, पाचाने तर दोनदा जातो! असल्या वयाचा कसला सत्कार? एकोणऐंशीला बघू."

काकू म्हणाल्या, "बघा. तोवर श्रीखंड मी संपवते." आणि आमच्यादेखत संपवलं हो!

*

धायरीचे शेलार आमच्यात आले ते जमिनीपायी. भावांना वाटणी हवी होती. शेलारांनी सरांकडून खात्री करून घेतली आणि घरी जाहीर केलं, "आपला गट नंबर दोनशे अकरा. मूळ संख्या हाय, वाटणी हुनार न्हाय!"

धाकटा भाऊ शांतपणे म्हणाला, "एकानं भाग जातो नव्हं? मग त्यो एक मी!"

*

सर एकदा रंगात येऊन म्हणाले, "कॉम्प्युटरच्या शून्य-एकच्या भाषेत लिहिली तर आपली संख्या म्हणजे नुसते एक, एक, एक!"

"अहो, मग एवढे महिने कशाला हवेत? बालवाडीतली पोरं लिहितील!" काकू कडाडल्या. मशीनने हॉल तापायचा, त्यांचं डोकंही. पण सर बाहेर गेले की त्याच्याजवळ खुर्ची टाकून राखण करायच्या त्याच.

*

परवाच्या रविवारी निकाल आला. काकूंनी सकाळीच पेढे आणून ठेवले होते. सरांनी चष्मा पुसला, स्क्रीन वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "मूळ नाही."

फार वाईट वाटलं. सरांकडे बघवत नव्हतं.

"कशाने भाग जातो?" काकूंनी विचारलं.

"ते ही चाचणी सांगत नाही. जातो, एवढंच सांगते."

"म्हणजे कशाने जातो ते तुम्हाला माहीत नाही?"

"जगात कोणालाच माहीत नाही."

काकू ताडकन उठल्या. "वा रे वा! नाव नाही, गाव नाही, आणि माझ्या घरात वाढलेल्या संख्येवर आळ घेता? आधी त्या मेल्याला समोर उभं करा म्हणावं!"

आणि बॉक्स उघडून त्यांनी पहिला पेढा सरांच्या तोंडात कोंबला.