फुफाट्यातली सरळ रेघ

नागपंचमी जवळ आली की मी शाळेत सापांवर एक तास घेतो. साप दूध पीत नाही. धामण गाईच्या पायांना विळखा घालत नाही. मेलेल्या सापाचा जोडीदार सूड घ्यायला येत नाही. पोरं माना डोलावतात आणि घरी जाऊन वारुळापुढं दुधाची वाटी ठेवतात. पालथ्या घड्यावर पाणी. मी चिडतो, पण खरं तर मला चिडायचा काही अधिकार नाही. चाळीस पोरांना मी जे बिनदिक्कत सांगतो, ते माझ्या बापाला सांगायला मला कित्येक वर्षं लागली.

आमची वस्ती काष्टीच्या पलीकडं, उसाच्या रानात. घरापासून कडब्याच्या गंजीपर्यंत एक पायवाट आहे आणि उन्हाळ्यात तिच्यावर घोटाभर फुफाटा असतो. सकाळी जो पहिला उठेल त्यानं ती वाट बघून यायची, अशी आमच्याकडची रीत. रात्रीतून लांबडं, म्हणजे साप, गेलं असेल तर फुफाट्यात वळणावळणाची खूण उठते. तशी दिसली की गंज काठीनं बडवल्याशिवाय पेंढीला हात लावायचा नाही. सरळ रेघ असली तर ती चऱ्हाटाची, म्हणजे जाड दोराची. माझे वडील, आबा, चऱ्हाट कधी खांद्यावर घ्यायचे नाहीत, ओढतच आणायचे.

मी डी.एड.ला होतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीला घरी आलो होतो. त्या सकाळी वाट बघायला मीच गेलो. गंजीकडं जाणारी एक रुंद, सरळसोट रेघ होती. मी ती ओलांडून परत आलो. आई दारात डोक्याला फडकं बांधत उभी होती.

"हाय का रं काय?"

"काय न्हाई. आबांनी चऱ्हाट वडलंय."

"मंग जाते बाई. मास्तर म्हनतोय म्हंजी खरंच आसंल," असं हसत म्हणून ती गेली.

दुसऱ्या पेंढीला तिच्या हाताला चावलं. शेजाऱ्यांनी गंज उपसली तर खाली मनगटाएवढी घोणस. टेम्पोत घालून आईला तालुक्याला नेलं, तिथून नगरला. तिसऱ्या दिवशी तिची लघवी बंद झाली आणि पाचव्या दिवशी ती गेली.

त्याआधी आठ दिवस आबांनी गोठ्यात एक धामण मारली होती. गाईचं दूध आटलं होतं आणि ते धामणच पिते अशी त्यांची खात्री होती. दहाव्याला भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं सगळ्यांदेखत ते काढलं. "धामन मारलीस न्हवं? जोडीदारानं डूख धरला." म्हणे धामणीचा जोडीदार घोणस! उद्या शेळीचा नवरा बैल म्हणतील. पण कुणी हसलं नाही आणि आबांनी मान खाली घातली. त्या दिवसापासून आबांनी दूध सोडलं. पाहुण्यांच्या घरीसुद्धा ते कोराच चहा मागतात.

नोकरी लागल्यावर आमच्या शाळेत एक सर्पमित्र आला होता. साप कसे चालतात हे तो मुलांना समजावत होता. साप नेहमी वळवळतच जातो असं नाही, असं तो म्हणाला. घोणस, अजगर असली जड जनावरं निवांत असली की अंग ताठ ठेवून सरळ सरकतात. पोटाची कातडी थोडी थोडी पुढं जाते, खवले जमीन धरतात आणि अंग मागून ओढलं जातं. "धुळीत दोर ओढल्यासारखी रेघ उठते," असं त्यानं सांगितलं तेव्हा मी मागच्या बाकावर बसलो होतो.

म्हणजे मी घोणशीची रेघ ओलांडली होती, आणि आईला पाठवलं होतं.

त्यानंतर दर वर्षी मी ठरवायचो की आबांना सांगू, आणि दर वर्षी गप्प बसायचो. कारण त्यांच्यावरचं ओझं उतरवायचं तर ते मला माझ्या डोक्यावर घ्यावं लागलं असतं. मी भ्यालो होतो, दुसरं काही नाही.

या नागपंचमीला आबा वाटी घेऊन ओट्यावर बसले होते. गुडघे गेलेत, वारुळापर्यंत धरून न्यावं लागतं. दूध सोडलेल्या माणसाच्या हातात सापासाठी दुधाची वाटी. मला ते बघवेना आणि मी ओरडलोच.

"आबा, साप दूध पीत न्हाई! डूखबी धरत न्हाई. आई धामनीपायी गेली न्हाई."

"मंग कशापायी गेली?"

मी सांगितलं. रेघ, चऱ्हाट, आई काय म्हणाली ते, सगळं. आबांनी वाटी ओट्यावर टेकवली.

"कुनाला बोललास ह्ये?"

"न्हाई."

"सूनबाईला?"

"न्हाई."

"मंग नगं बोलू," ते म्हणाले. "मला आता सवय झालीया. माझ्यावरच ऱ्हाऊ दे."

मी त्यांचा दंड धरला आणि आम्ही वारुळाकडं गेलो. वाटी त्यांनी नेहमीसारखीच ठेवली. घरी परतल्यावर माझ्या बायकोनं चहाचं विचारलं.

"कोराच ठेव," आबा म्हणाले.